अनोळखी इंग्लिश शहरातला निवांत शनिवार: तुमचे अनुभव लिहा

लिंबूटिंबू

लंडन वगळून बोलूया, हे आधीच सांगते. लंडनवर सगळ्यांचं सगळं लिहून झालंय. हा धागा बाकीच्या इंग्लंडसाठी. जिथे आपलं कुणी राहत नाही, ऑफिसचं काम नाही, अशा शहरात सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचं आणि रात्री घरी यायचं. 'एका दिवसात बारा ठिकाणं उरकली' छापाचे अनुभव कृपया टाकू नका, त्यासाठी टूर कंपन्या आहेत. काय पाहिलंत, कुठे टेकलात, काय खाल्लंत, कुणाशी बोललात, ते सांगा.

सुरुवात मीच करते. आम्ही नॉटिंगहॅमला असतो. लिंकन तिथून गाडीने साधारण तासाभरावर, पण कधी कुणी गेल्याचं ऐकलं नव्हतं, म्हणूनच निवडलं. स्टेशनाबाहेर पडलो तर समोर जॉर्ज बूलचा पुतळा, म्हणजे 'आणि-किंवा'च्या तर्काचं गणित मांडणारा गणितज्ञ. नवरा दिवसभर डेटाबेसमध्ये 'अँड' आणि 'ऑर' लिहून पोट भरणारा माणूस, तो तिथेच थबकला. बूल १८१५ साली याच गावात जन्मला. वडील जोडे शिवायचे. पोराचं बरंचसं शिक्षण स्वतःच्या स्वतः झालं, आणि एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याने गावात शाळा काढली. त्याची बायको मेरी ही आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हे सगळं नवऱ्याने मला पुढच्या चढावर ऐकवलं. मला बोलायला श्वास नव्हता म्हणून ऐकून घेतलं.

त्या चढाचं नावच स्टीप हिल. खाली नदीकाठचं बाजाराचं गाव, वर कॅथीड्रल आणि किल्ला, मध्ये हा दगडी उभा रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी पुस्तकं, चहा, लोकर, चीज यांची बारीक दुकानं. चढताना दर दहा पावलांवर एखाद्या दुकानात शिरलं की दम लागलाय हे कुणाला कळत नाही. वर किल्ल्यात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची (राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या सनदेची) मूळ प्रत ठेवली आहे, जगात अशा चारच उरल्यात. अंधारी खोली, काचेमागे कातड्यावर बारीक लॅटिन. खरं सांगते, पाच मिनिटांत बाहेर आलो. त्यापेक्षा किल्ल्याच्या तटावरून चालायला जास्त मजा आली, कारण तिथून कॅथीड्रल पूर्ण दिसतं. त्याच्या मधल्या मनोऱ्यावर पूर्वी उंच सुळका होता. १३११ पासून तो १५४८ साली वादळात पडेपर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती असं मानतात, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहूनही उंच. नंतर तो पुन्हा उभारला नाही.

उतरताना हाय ब्रिजवरच्या लाकडी चौकटीच्या घरात चहा घेतला. पूल बाराव्या शतकातला, त्यावरची घरं नंतरची. खालून बदकं जात होती आणि आम्ही स्कोन खात होतो. एवढाच दिवस. आता तुमची पाळी.

धोपटमार्गी

छान धागा. फक्त एक सूचना: शनिवारच धरा, रविवार नको. रविवारी रेल्वेची रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते. शिवाय इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं ठेवायची परवानगी आहे, १९९४ चा कायदा. म्हणजे अकराला उघडणार आणि पाचला शटर खाली. जोडीने जाणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड घ्या, तिकिटाचे तिसऱ्या हिश्श्याने पैसे वाचतात आणि शनिवार-रविवारी सकाळच्या वेळेचं बंधनही नसतं.

भुसावळजंक्शन

आमचा अनुभव यॉर्कचा आहे, पण त्यात यॉर्क कमी आणि बाबा जास्त आहेत.

बाबा मध्य रेल्वेत होते. भुसावळ शेडला वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, आणि विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. आई-बाबा पहिल्यांदा शेफील्डला आमच्याकडे आले तेव्हा बाबांना कशातच रस वाटेना. 'स्वच्छ आहे, छान आहे' एवढंच. मग एका शनिवारी त्यांना न सांगता यॉर्कला घेऊन गेलो. नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे आणि प्रवेश फुकट.

आत ग्रेट हॉलमध्ये टर्नटेबलभोवती इंजिनं उभी आहेत. बाबांनी चप्पल काढावी की काय अशा बेताने एक क्षण दारात थांबून घेतलं, आणि मग जे सुटले ते सुटलेच. तिथे 'एलरमन लाइन्स' नावाचं एक इंजिन उभं कापून ठेवलंय, बॉयलर, फायरबॉक्स, नळ्या, सिलिंडर सगळं आतून दिसतं. बाबा त्या इंजिनापाशी किती वेळ होते विचारू नका. मला म्हणाले, "इतकी वर्षं ज्याच्या तोंडात कोळसा घातला, त्याचं पोट आज बघतोय." मग माझ्या बायकोला कोळसा कसा टाकायचा ते हवेत फावडं मारून दाखवलं: मध्ये ढीग करायचा नाही, कोपरे आधी, पातळ थर, आणि दार उघडं ठेवायचं नाही, थंड हवा आत जाते.

हे हावभाव बघून तिथले एक म्हातारे स्वयंसेवक जवळ आले. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं यॉर्कशरी इंग्रजी मलाही निम्मंच कळत होतं. पण 'व्हॅक्यूम', 'इंजेक्टर', 'रेग्युलेटर' हे शब्द दोघांकडे तेच. आम्ही दुभाष्याचं काम करायला गेलो तर दोघांनीही आम्हाला बाजूला केलं.

शेजारी निळं मॅलर्ड. ३ जुलै १९३८ ला याने ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. बाबांनी विचारलं, फायरमन कोण होता? मला प्रश्नच अजब वाटला. स्वयंसेवकांनी मात्र लगेच उत्तर दिलं: ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे. बाबा समाधानाने मान हलवून म्हणाले, "ड्रायव्हरचं नाव सगळे लिहितात." विक्रमाच्या त्या धावेत मधल्या सिलिंडरचं बेअरिंग तापून खराब झालं होतं, हेही त्या दोघांनी बराच वेळ चघळलं.

पुढे एक अजस्र चिनी इंजिन आहे, १९३५ साली इंग्लंडच्याच व्हल्कन फाउंड्रीत बांधलेलं. पाटीवर कारखान्याचं नाव वाचून बाबा म्हणाले, "जीआयपीची पहिली इंजिनं यांचीच." जीआयपी म्हणजे मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी. खरं आहे ते. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी गेली, तिची इंजिनं याच कारखान्यातून आलेली. आई तोपर्यंत जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात जाऊन बसली होती. तिथे बसायला देतात. तिने पर्समधला चिवडा काढला होता, तो मात्र मी आत ठेवायला लावला.

उरलेलं यॉर्क दुपारनंतर. तटबंदीवर थोडं चाललो (पूर्ण फेरी सव्वातीन किलोमीटरच्या वर आहे, आईचे गुडघे नाहीत). मिन्स्टरला, म्हणजे इथल्या कॅथीड्रलला, दिवसा तिकीट लागतं, पण इव्हनसाँगला, म्हणजे सायंप्रार्थनेला, कुणालाही फुकट बसता येतं. आईला तेच हवं होतं. भाषा कळली नाही, पण पोरांचा आवाज त्या छताखाली जो फिरतो, त्यावर ती परतीच्या गाडीत बोलत होती. बाबा इंजिनाचा आवाज ऐकत होते.

लिंबूटिंबू

भुसावळजंक्शन, बाबांना नमस्कार सांगा. फायरमनचं नाव विचारणारे बाबा आवडले.

काळाघोडा

मी आर्किटेक्ट. मुंबईत फोर्टमध्ये कॉलेज, सध्या बर्मिंगहॅम. लिव्हरपूलला गेलो की लोक बीटल्सच्या बसमध्ये बसतात. मला त्या दिवशी फक्त एक रस्ता चालायचा होता: होप स्ट्रीट. या रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथीड्रल आहेत, एक अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचं), एक कॅथलिक. अंतर आरामात दहा-पंधरा मिनिटांचं. मला सकाळचे साडेदहा ते संध्याकाळ लागली.

अँग्लिकन कॅथीड्रलची स्पर्धा जिंकली तेव्हा जाइल्स गिल्बर्ट स्कॉट अवघा २२ वर्षांचा होता, आणि कॅथलिक होता. पायाभरणी १९०४ ला. तो आयुष्यभर आराखडे बदलत राहिला, १९६० साली वारला, आणि काम संपलं १९७८ ला. मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली. इंग्लंडचा तो लाल टेलिफोनचा डबाही त्याचाच. आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसतच नाही, फक्त उंची जाणवते. तांबूस वालुकाश्म, अंधार, आणि खूप वर कुठेतरी उजेड. १८९ मीटर लांब. मी पाठीवर झोपून छत पाहिलं, कुणी हटकलं नाही.

आता मुंबईकरांसाठी: या जाइल्सचा आजोबा म्हणजे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपल्या मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याचेच. भारतात कधीही पाऊल न टाकता लंडनहून नकाशे पाठवले. राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ ला, नातवाचं कॅथीड्रल १९७८ ला. ओव्हलवरून क्रिकेट बघताना ज्याच्याकडे पाहून वेळ कळायची, तो टॉवर आणि हे कॅथीड्रल एकाच घराण्यातले, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण तिथे उभं राहून दगडाचा सांधा हाताने चाचपताना वेगळं वाटतं.

मग होप स्ट्रीट. वाटेत फुटपाथच्या कोपऱ्यावर सिमेंटच्या बॅगा-सुटकेसींचा ढीग आहे, शिल्प म्हणून. त्यावर लोक बसतात, मीही सँडविच घेऊन बसलो. लिव्हरपूल हे निघून जाणाऱ्यांचं बंदर. लाखो लोक इथून अमेरिकेला गेले. स्वतः सुटकेस घेऊन आलेल्या माणसाला ती जागा बरी वाटते. पुढे फिलहार्मोनिक नावाचा पब लागतो. तिथलं पुरुषांचं स्वच्छतागृह संगमरवरी आहे आणि लोक ते बघायला येतात. हो, मीही पाहिलं. दारू न पिणाऱ्यांनी लिंबू-सोडा मागवावा.

दुसऱ्या टोकाला १९६७ चं कॅथलिक कॅथीड्रल. गोल, काँक्रीटचं, वर काटेरी मुकुट. स्थानिक लोक त्याला आयरिश लोकांचा तंबू म्हणून चिडवतात. बाहेरून मला ते पटलं नाही, आत गेल्यावर पटलं: वरच्या रंगीत काचांमधून सगळ्या सभागृहावर निळा-लाल उजेड पडतो आणि वेदी मधोमध आहे, कुणीही मागे बसलेलं नाही. याच्या खाली तळघर आहे आणि ते चुकवू नका. आधी इथे नवी दिल्लीवाल्या लटयन्सने रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठ्या घुमटाचं कॅथीड्रल आखलं होतं. १९३३ ला सुरू केलं, युद्ध आलं, पैसे संपले, आणि फक्त तळघरच बांधून झालं. विटांच्या कमानी पाहताना दिल्लीतल्या राष्ट्रपती भवनाचे कॉरिडॉर आठवतात. न बांधलेल्या त्या इमारतीची भलीमोठी प्रतिकृती खाली धक्क्यावरच्या म्युझियम ऑफ लिव्हरपूलमध्ये आहे. ती पाहिल्यावर पैसे संपले ते बरंच झालं असं माझं मत झालं.

लालबागचीलेक

काळाघोडा, तुम्ही राजाबाई टॉवरचं नाव काढलंत म्हणून माझं मँचेस्टर लिहिते, नाहीतर वाचतच बसले असते.

तो टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून झाला, राजाबाई त्यांची आई. आणि पैसा आला कापसातून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिथला कापूस तुमच्या त्या लिव्हरपूलच्या धक्क्यावर यायचा बंद झाला, आणि मोठी मदार मुंबईच्या कापसावर आली. मुंबईत पैशाचा पाऊस. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. हे आपण आपल्या बाजूने वाचलेलं असतं. मँचेस्टरला मला दुसरी बाजू दिसली.

टाउन हॉलजवळ एका छोट्या चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. इथे कशाला, म्हणून चबुतरा वाचायला गेले. कापूस येईना तेव्हा लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना उत्तर लिहिलं, आभाराचं. त्यातला काही मजकूर चबुतऱ्यावर कोरलाय. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, ८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. मी त्या चबुतऱ्यासमोर बराच वेळ काढला. बाजूला ऑफिसातली पोरं ऊन खात बसली होती.

नंतर सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये गेले. तिथे जुनी सूतकताईची आणि विणकामाची यंत्रं चालवून दाखवतात. एकच साचा सुरू केला तर कानठळ्या. आजोबा मोठ्याने का बोलायचे आणि ओठ बघून कसं ओळखायचे, ते तेव्हा समजलं. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथूनच जवळ, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून यायची.

संध्याकाळी जॉन रायलंड्स लायब्ररी. हीसुद्धा कापडाच्या पैशावर, नवऱ्याच्या आठवणीसाठी बायकोने बांधलेली. १९०० साली उघडली. फुकट आहे. आत बसून काहीही वाचू नका, नुसतं वर बघा.

खादाडखाऊ

एवढं गंभीर झाल्यावर मी लेस्टर घेऊन येतो.

आम्ही गेलो ते खायला. बेलग्रेव्ह रोडवर उतरलो की इंग्लंड संपतं: साड्यांची दुकानं, सराफ, मिठाया, पानवाला. फाफडा, पपई संभारा, जिलबी, गरम. पावभाजी ठीक. मिसळ नाही. तीनदा विचारलं. शेवटी एका काकांनी 'ऊसळ में चेवडा डाल के दे दूँ?' असं विचारलं तेव्हा बायकोने मला ओढून बाहेर काढलं.

यांतली बरीच मंडळी १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, 'कृपया आमच्या शहरात येऊ नका' अशी. आज त्याच शहराच्या दिवाळीला देशभरातून लोक येतात. काकांनी हसत सांगितलं, "जाहिरात पाहूनच आम्हाला लेस्टरचं नाव कळलं."

पचवायला म्हणून गावात चालत गेलो. तिसरा रिचर्ड राजा १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, पुरलेली जागा विसरली गेली, आणि २०१२ ला सापडला तो नगरपालिकेच्या कार पार्कखाली. डांबरावर त्या जागेच्या जवळ आधीपासून 'आर' अक्षर रंगवलेलं होतं. आता तिथे प्रदर्शन आहे, काचेच्या फरशीखाली तो खड्डा दिसतो. २०१५ ला राजाला समोरच्या कॅथीड्रलमध्ये रीतसर पुरलं. बायको म्हणाली, पाचशे वर्षं पार्किंगचे पैसे किती झाले असतील.

वाईकरआजी

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, मुलाकडे स्विंडनला आले आहे. टायपिंग नातवाचे, शब्द माझे.

शाळेत इतिहास शिकवताना राजा राममोहन रॉय यांच्यावर दरवर्षी प्रश्न असायचा. सतीबंदी १८२९, ब्राह्मो समाज, टिपा लिहा. 'इंग्लंडमध्ये मृत्यू' इतकीच ओळ पुस्तकात. तो मृत्यू कुठे झाला, हे मी कधी विचारले नव्हते. सूनबाई म्हणाली, आई, ब्रिस्टलला जाऊ. तिथे गेल्यावर कळले की ते ब्रिस्टलमध्येच आहेत.

आर्नोस व्हेल नावाची जुनी दफनभूमी आहे, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटे, आम्ही बसने गेलो. दफनभूमी म्हटल्यावर मी जरा कचरले. पण ती बागच आहे, डोंगरउतारावर झाडी माजलेली, आत उपाहारगृहसुद्धा. आणि इंग्रजी थडग्यांच्या मधोमध एकदम आपली छत्री! खांब, घुमट, सगळे आपल्याकडचे. राममोहन १८३१ साली लिव्हरपूलला उतरले, मोगल बादशहाचे वकील म्हणून. २७ सप्टेंबर १८३३ ला ब्रिस्टलजवळ तापाने गेले. आधी यजमानांच्या बागेत पुरले होते. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांनी पुढाकार घेतल्यावर १८४३ ला इथे आणून ही छत्री बांधली. मी घरून नेलेली शेवंतीची चार फुले वाहिली. तिथे काम करणाऱ्या बाईंनी काही म्हटले नाही, उलट मेरी कार्पेंटर यांचीही कबर इथेच आहे असे सांगितले. राममोहनांना तरुणपणी भेटलेल्या या बाई पुढे १८६६ साली मुलींच्या शाळांसाठी हिंदुस्थानात आल्या. शिक्षिकेच्या कबरीपाशी शिक्षिकेने दोन मिनिटे थांबायचे असते, मी थांबले.

दुपारी मुलाने बंदरावर एक लोखंडी आगबोट दाखवली, ब्रूनेल या अभियंत्याची 'ग्रेट ब्रिटन'. तीही १८४३ मध्येच पाण्यात उतरलेली. नातवाला बोट आवडली, मला वरचा क्लिफ्टनचा झुलता पूल. पाण्यापासून ७५ मीटर उंच. चालत जायला पैसे पडत नाहीत. मी अर्ध्यापर्यंत गेले, खाली पाहिले आणि परत फिरले.

गणितातनापास

आजी, दंडवत. तुमचं वाचून मलाही केंब्रिज लिहावंसं वाटलं.

केंब्रिजला सगळे पंटमध्ये (बांबूने ढकलायच्या सपाट होडीत) बसतात, आम्हीही बसलो. होडी ढकलणाऱ्या पोराने क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल दाखवून सांगितलं, हा न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. पूल १७४९ चा, न्यूटन गेला १७२७ ला. मी काही बोललो नाही, पोटासाठी करतोय बिचारा.

उतरल्यावर मात्र मी मित्रांना सेनेट हाउससमोर नेलं. पांढरी देखणी इमारत, समोर बुटकी भिंत, त्यावर बसता येतं. गणिताच्या ट्रायपॉसचा, म्हणजे पदवी परीक्षेचा, निकाल इथेच वाचला जातो. पहिल्या वर्गातले ते रँग्लर, त्यांतला पहिला सीनियर रँग्लर. १८९९ ला तो मान एका इंग्रजाबरोबर विभागून दापोलीजवळच्या मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना मिळाला, पहिले भारतीय. आमच्या घरी कुणी बेरीज चुकला की आजोबा म्हणायचे, 'या रँग्लरसाहेब!' त्या शिवीचा उगम बघायला मी तिथे बसलो होतो. पुढे १९५७ साली जयंत नारळीकर आले, तेही इथे सीनियर रँग्लर झाले. मित्रांपैकी एक पंजाबी, एक पोलिश. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, आता केक खायला जायचं का? गेलो. चिकट चेल्सी बन मिळतो, बोटं चाटायला लाज वाटू देऊ नका.

उत्तरवाली

डरम राहिलं की! न्यूकॅसलहून गाडीने पंधरा मिनिटं. आणि दक्षिणेकडून येत असाल तर शहरात शिरताना उजव्या बाजूच्या खिडकीला चिकटा, कारण गाडी उंच कमानींच्या पुलावरून जाते आणि कॅथीड्रल-किल्ला पूर्ण समोर येतो. निम्मे पैसे तिथेच वसूल.

वेअर नदी गावाला वळसा घालते आणि कॅथीड्रल मधल्या टेकाडावर. १०९३ ला सुरू केलेलं. आतले खांब इतके जाड आहेत की एकामागे आमचं अख्खं कुटुंब लपेल, मुलांनी लपून पाहिलं. जमिनीवर काळ्या दगडाची एक पट्टी आहे, पूर्वी बायकांना त्यापुढे जायला बंदी. मी मुद्दाम तीनदा ओलांडली. दारावर राक्षसाच्या तोंडाची कडी आहे (ही नक्कल, मूळची आत जपलीय). गुन्हेगाराने ती धरली की ३७ दिवस अभय. १६५० ला डनबारच्या लढाईतले हजारो स्कॉटिश कैदी इथे कोंडले होते. थंडीत त्यांनी आतलं लाकूड जाळलं, पण मोठं घड्याळ ठेवलं, कारण त्यावर स्कॉटलंडचं काटेरी फूल कोरलेलं होतं असं सांगतात. धाकटा हे ऐकून घड्याळासमोर गप्प झाला, नंतर म्हणाला, "मी असतो तर घड्याळ पण जाळलं असतं."

उन्हाळ्यात वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात. नवरा कोल्हापूरचा, पंचगंगेवर वाढलेला, 'मला शिकवू नका' म्हणून बसला आणि आम्ही गोल गोल फिरत राहिलो. काठावर लोक टाळ्या वाजवत होते. होडी नको असेल तर नदीकाठाने प्रेबेंड्स पुलापर्यंत चाला, तिथून गिरणीची भिंत, बंधारा आणि वर कॅथीड्रल एकत्र दिसतं. ऑक्टोबरात जा. डिसेंबरात जाऊ नका, पावणेचारला अंधार.

नवीनचआलोय

मी कॉव्हेंट्रीला विद्यार्थी. हे सगळं वाचून शनिवारी निघायचंय, पण खिशात जेवणासकट पंचवीसच पौंड आहेत आणि रेल्वे परवडत नाही. कुठे जाऊ?

धोपटमार्गी

लेस्टर. लोकल बसच्या तिकिटावर सध्या कमाल तीन पौंडांची मर्यादा आहे, तिकडे जाताना दोन आणि येताना दोन बस कराव्या लागल्या तरी एकूण बारा. वेळ लागेल, पण वरच्या मजल्यावर पुढची सीट धर. राजाची कबर फुकट. शेवटची परतीची बस आधी बघून ठेव, शनिवारी संध्याकाळी लवकर संपतात.

खादाडखाऊ

आणि मिसळ मिळाली तर दुकानाचं नाव इथे टाक.